वाढत्या अंगाचे

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे शहाणी माणसे सांगत आली आहेत. पण ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याला विचारा. मुलाचे पाय काही अंथरूण पाहून वाढत नाहीत. जूनमध्ये घेतलेल्या चपलेतून दिवाळीला टाच बाहेर येते, आणि गेल्या थंडीतला स्वेटर या थंडीत पोटावरून वर सरकतो. बेताच्या मिळकतीच्या घरांनी यावर फार पूर्वीच एक तोड काढून ठेवली आहे. मुलाचा कपडा अंगाबरोबर घ्यायचाच नाही. तो ‘वाढत्या अंगाचा’ घ्यायचा.

हा शब्द मला फार आवडतो. त्यात काटकसर आहे, पण कंजूषपणा नाही. आत दुमडून ठेवलेली दोन बोटे आहेत आणि ती दोन बोटे एक दिवस सोडावी लागणार, ही खात्री आहे. मूल वाढणार, हे गृहीत धरूनच तो कपडा जन्माला येतो.

आमच्या घरी असे कपडे शिवले गेले तसेच विणलेही गेले. कोपरखैरण्यात लोकरीचे विणकाम म्हटले की वर्गातल्या मैत्रिणी हसतात. त्यांचे हसणे बरोबरच आहे. ठाण्याची खाडी उशाशी, अंगाला बारा महिने घाम; थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा. पण मोठी गंमत अशी की, थंडी थोडी म्हणूनच इथे स्वेटर झिजत नाही. तो फाटण्याआधी आखूड होतो. आणि न फाटलेला पण आखूड झालेला स्वेटर म्हणजे माझ्या आईच्या दृष्टीने स्वेटर नव्हेच. ती लोकर असते, तात्पुरती स्वेटरच्या रूपात राहिलेली.

आई जावळी तालुक्यातली. तिच्या लहानपणी लोकर म्हणजे घोंगडी. माणदेशाकडचे सनगर दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. पावसाळ्यात तिचीच खोळ डोक्यावरून घ्यायची. ऊब भरपूर, पण टोचणारी. लहान बाळाच्या अंगाला लागेल अशी मऊ लोकर तिने लग्नाआधी हातात धरली नव्हती.

आजोबा मसजिद बंदरला हमाली करीत. साताऱ्याकडची पुष्कळ माणसे तेव्हा अशीच मुंबईत. गाळ्यात दाटीवाटीने पथाऱ्या टाकायच्या आणि बायकामुले गावी. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि या कामाला नोंद, मजुरीची हमी आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला. पुढे घाऊक बाजार एकामागून एक तुर्भ्याला आले. भायखळ्याचा भाजीबाजार १९९६ साली आला. आजोबांची जागा वडिलांनी कांदा-बटाटा मार्केटात घेतली, आणि २००१ साली कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आम्हाला एक खोली मिळाली. आई गावाहून आली ती दोन वर्षांच्या ताईला कडेवर घेऊन.

शेजारच्या खोलीत एक गढवाली कुटुंब होते. तिथल्या भाभींना रिकाम्या हाताने बसणे ठाऊकच नव्हते. डोंगराकडच्या बायका उन्हात बसून विणतात, बोलता बोलता विणतात, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले. आईला हिंदी येत नव्हते, भाभींना मराठी. पण सुईवरचा धागा दोघींना दिसत होता. भाभी ‘सीधा’ म्हणत, आई ‘सुलट’ म्हणे. ‘उल्टा’ला तर भाषांतरही लागले नाही. आजही आमच्या घरात टाक्याला कोणी टाका म्हणत नाही, ‘फंदा’च म्हणतात. आई चौथी शिकलेली आहे. नमुन्याचे पुस्तक तिला वाचता येत नाही. ती आधी वीस फंदे घालून चार ओळी विणते आणि त्यावर आपली बोटे ठेवते. वीस फंद्यांची पाच बोटे झाली आणि बाळाच्या छातीचा घेर पंचवीस बोटे असला, तर शंभर फंदे घालायचे. हे त्रैराशिक आहे असे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आसंल. मला काय ठावं, मी तर बोटं मोजते.”

या काटकसरीच्या विणकामाचे शास्त्र मी इथे थोडे लिहून ठेवते. आईने ते कुठे लिहिलेले नाही म्हणून.

पहिले म्हणजे, मुलाचा स्वेटर गळ्यापासून खाली विणायचा. हाताने विणलेले सरळ उसवते ते शेवटाकडून, जिथे फंदे बंद केले तिथून. सुरुवातीकडून उसवू गेले तर धागा अडकतो. म्हणून शेवट नेहमी अशा ठिकाणी यावा, जिथे वाढ लागणार आहे: खालच्या काठाशी आणि मनगटाशी. पुढच्या वर्षी काठ उसवायचा, सुटलेले फंदे सुईवर घ्यायचे आणि चार बोटे वाढवायची. बाहीही खांद्याकडून मनगटाकडे विणायची, कारण आधी झिजते ते मनगट. बरगडीला पट्टी घालून रुंदी वाढवता येते. डोके मोठे होते म्हणून एका खांद्यावर बटणे ठेवायची. वाढवलेल्या भागाला तोच रंग मिळत नाही. तेव्हा तो दुसऱ्याच रंगाने वाढवायचा आणि त्या रंगाची एक ओळ गळ्याशीही घालायची. मग ते ठिगळ राहत नाही, नक्षी होते.

दुसरे म्हणजे, स्वेटर फारच अपुरा झाला की तो सगळा उसवायचा. मी लहानपणी दोन्ही हात पुढे करून बसत असे आणि आई माझ्या हातांभोवती लड गुंडाळीत असे. नाक खाजले तरी हात हलवायची सोय नव्हती. मग लड चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवायची, आणि खाली पाण्याने भरलेला तांब्या टांगून सावलीत वाळवायची. त्या वजनाने धाग्याच्या वळ्या सरळ होतात. मेंढीची खरी लोकर लगेच ऐकते. खनिज तेलापासून बनणारी अॅक्रिलिकची लोकर हट्टी असते, तिच्यात वळण राहते. अॅक्रिलिक धुवायला सोपे आणि पावसाळ्यात लवकर वाळणारे खरे, पण ते विस्तवाशी वितळते आणि कातडीला चिकटते. म्हणून ते घालून मुलाला गॅसजवळ जाऊ द्यायचे नाही, हा आमच्या घरचा कडक नियम.

तिसरी गोष्ट बोहारणीची. सगळ्या बायका बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतात. आमची आई भांडे देऊन जुने स्वेटर घेते. लग्नात आहेर आलेले स्टीलचे डबे असे एकेक करून गेले. स्वेटर घेताना ती तो उलटा करून कडेची शिवण पाहते. यंत्राने कापून शिवलेला असेल तर परत करते, कारण त्यातून विताविताचे तुकडे निघतात. कडा सलग विणलेल्या असतील तरच डबा हातातून सुटतो.

आमच्या घरात एक लाल लोकर आहे. २००३ साली ती ताईचा स्वेटर होती. २००९ साली ती माझा झाली. थोडी कमी पडली म्हणून पांढऱ्या पट्ट्या आल्या. २०१३ साली धाकट्या भावाचा बिनबाह्यांचा स्वेटर झाली, तेव्हा निळा काठ लागला. प्रत्येक वेळी उसवताना थोडा धागा तुटतो, थोडा विरतो. लोकरीचेही आयुष्य असते. ते फक्त एकाच अंगावर संपत नाही.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ‘वैकल्पिक खर्च’ शिकवला. घरी येऊन मी वहीत हिशेब मांडला. दोन वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला सुमारे दोनशे ग्रॅम लोकर. आमच्याकडच्या दुकानात नवी घेतली तर दोनशे रुपये. रस्त्यावर तयार स्वेटर अडीचशेला मिळतो. बचत पन्नास रुपये आणि विणायला तीस तास. म्हणजे तासाला दोन रुपयेसुद्धा नाहीत. जुनी लोकर वापरली आणि उसवण्या-धुण्याचे पाच तास धरले, तर तासाला साधारण सात रुपये. मी आईला म्हटले, “आई, हे तर परवडतच नाही.” आईने सुया थांबवल्या नाहीत. म्हणाली, “मंग त्या येळेचं मला दुसरं कोन काय देनार व्हतं?”

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितले. सर हसले नाहीत. म्हणाले, “वैकल्पिक खर्चाची व्याख्या तुझ्या आईने तुझ्यापेक्षा बरोबर सांगितली. जिच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवलेला नाही, तिचा वेळ फुकट धरला जातो.” त्या वाक्याने मला कितीतरी दिवस चैन पडू दिले नाही.

मी ग्रंथालयात शोधू लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होते. १९४३ साली तिथल्या सरकारने, आहे ते वापरा आणि फाटेल ते सांधा, अशा अर्थाची पुस्तिकाच काढली. जुने स्वेटर उसवून मुलांसाठी पुन्हा विणणे ही तेव्हा देशसेवा होती. आपल्याकडे १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा ठिकठिकाणच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. म्हणजे युद्ध आले की हेच दोन सुयांचे काम राष्ट्रकार्य होते, आणि युद्ध संपले की पुन्हा ‘बायकांचा वेळ घालवण्याचा उद्योग’ होते.

आणि युद्ध नसतानाही बाळाच्या डोक्यावरची टोपी ही काही हौसेची वस्तू नसते. नुकते जन्मलेले मूल अंगातली ऊब फार भराभर घालवते. वजनाने कमी असेल तर जास्तच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळ गार पडू नये म्हणून त्याला गुंडाळणे आणि उबदार पिशवीत ठेवणे हा त्या कामाचा एक भाग होता. नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने ते जगापुढे मांडले. त्यात औषधे होती, शिक्षण होते, देखरेख होती. पण साधी ऊबही होती. अंगडे, टोपडे, कुंची, पायमोजे असा बाळंतविडा माहेरहून देण्याची रीत ज्या कोणी घातली, तिला हे आकडे ठाऊक नव्हते. गारठलेले मूल मात्र तिने पाहिले असणार.

असो. इतके सारे सांगितले ते एका प्रश्नाकडे येण्यासाठी. एक विणायचे तर दुसरे उसवावे लागते. मग कोणाचे उसवायचे, हे कोण ठरवते?

आपले हे शहरसुद्धा वाढत्या अंगाचेच आखलेले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली. वस्ती येण्याआधीच रुंद रस्ते आले, आणि वाशीला लोकल आली ती १९९२ साली. माझ्या बाकावर बसणाऱ्या आगरी मैत्रिणीच्या घरी या वाढीची दुसरी बाजू सांगतात. ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. मैत्रीण म्हणते, “तुमचं घर आमच्या शेतात आहे.” ती भांडत नाही, सांगते. आणि माझ्याजवळ उत्तर नसते.

माझ्या स्वतःच्या घरातही असेच आहे. ताई बारावीला ७१ टक्के मिळवून उत्तीर्ण झाली ते २०१७ साल. त्याच पावसाळ्यात वडिलांची पाठ गेली. गोणी उचलणे चार महिने बंद. ताई एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू,’ असे ठरले. ते पुढचे वर्ष सहा वर्षे येत राहिले. माझी दहावी, माझी बारावी तिच्या पगारावर झाली. २०२३ साली लग्न होऊन ती सासरी गेली, तरी कॉलेजात माझे नाव घालण्याचे पैसे तिनेच साठवून ठेवले होते. आमच्या घराण्यात पदवीच्या वर्गात बसलेली मी पहिली, असे सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र त्या कौतुकात लाल लोकर दिसते. आधी ती ताईची होती.

काटकसर ही चांगली गोष्ट आहे, असे मी अजूनही म्हणते. पण स्वेटर उसवून मुलाला वाढवणारी काटकसर वेगळी आणि एका मुलाला उसवून दुसऱ्याला वाढवणारी वेगळी. पहिलीला अक्कल लागते. दुसरीला बहुतेक वेळा घरातली थोरली मुलगी लागते.

ताई सध्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सातवा महिना आहे. आईने लाल लोकर शेवटची उसवली आहे. बाळाला टोचू नये म्हणून आतून जुन्या सुती साडीचे अस्तर लावायचे ठरले आहे. एका दुपारी धीर करून मी ताईला हे सारे बोलून दाखवले. मला वाटले ती रडेल, निदान मला जवळ घेईल. ती म्हणाली, “तू फार वाचतेस. माझं काही उसवलं नाही. अर्धं राहिलंय इतकंच.” आणि कोपऱ्यातून आई म्हणाली, “फंदं बंद केल्यालं न्हाईत तिनं. दोऱ्यावं घेऊन ठेवल्यात. तिथनं पुढं इनता येतं.”

हे खरे आहे. बाही विणताना पाठीचे फंदे सुईवरून काढून एका जाड दोऱ्यावर ओवून ठेवतात. दोरा असेतो ते सुटत नाहीत; महिन्याने घ्या, वर्षाने घ्या. पण दोरा कोणीतरी ओवावा लागतो आणि नंतर फंदे कोणीतरी आठवणीने सुईवर घ्यावे लागतात. आपोआप काही होत नाही.

नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. घर, नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते आहे. ताईच्या प्रवेशाची माहिती मी काढून आणली आहे. संध्याकाळी मी वसाहतीतल्या सहा मुलांची शिकवणी घेते. त्यातून ताईचे शुल्क निघेल. तिच्या नवऱ्याला आधी विचारले, तो हो म्हणाला. वडिलांना नंतर सांगितले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “परीक्षेला बाळाला कोण घेणार?” त्यांनी शिकण्याविषयी शंका काढली नाही, बाळाविषयी काढली, हे मला पुष्कळ वाटले. आई म्हणाली, “मी हाय की.” यातही आईचा वेळ पुन्हा फुकटच धरला गेला, हे मी मनात टिपून ठेवले आहे. तो हिशेब अजून सुटलेला नाही.

काल टोपी पुरी झाली. पायमोजा एकच झाला. दुसऱ्याला लाल लोकर पुरणार नाही. टाच पिवळी येईल.